रोशाचे दोन गंध

सांधेदुखीवर चोळण्यासाठीं रोशाचें तेल घरांत ठेवण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. मागें आमच्या घरीं एकाच नांवाच्या दोन बाटल्या आल्या. एकीस गुलाबासारखा मंद सुवास; दुसरीचा वास आल्यासारखा उग्र. "दुकानदारानें फसविलें," असा निकाल वडील मंडळींनीं तत्काल दिला व आम्हींही मान डोलाविली. पुढें या विषयाची थोडी चौकशी केल्यावर मात्र आमचा आम्हांसच संकोच वाटला.

रोशा हें रानांत आपोआप उगवणारें सुगंधी गवत. खानदेश, निमाड, मेळघाट व बैतूल या मुलखांत तें फुलावर आलें म्हणजे कापून, भट्टीवर त्याचें तेल काढण्याचा धंदा पूर्वापार चालत आला. या गवताचे, दिसण्यांत जवळजवळ सारखे, असे दोन प्रकार आहेत. भट्टीवाले त्यांस मोतिया व सोफिया म्हणतात. मोतिया उघड्या, कोरड्या उतारावर सुटासुटा वाढतो. सोफियास ओलसर जागा मानवते व तो दाट माजतो. मोतियाच्या तेलांत बहुधा शेंकडा ७५ हून अधिक भाग जिरॅनिऑल नांवाचें द्रव्य असतें. सोफियांत तें कमी. तेथें लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल इत्यादि द्रव्यें असतात व त्यांमुळें वास पालटतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ याकोबसेन यानें १८७१ सालीं जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें, तें हिंदुस्थानांतून गेलेल्या अशाच गवती तेलांतून. गुलाबाच्या अत्तरांतही हें द्रव्य असतें. म्हणूनच गेल्या शतकापूर्वीं मुंबई बंदरांतून कॉन्स्टँटिनोपलकडे जाणारें मोतियाचें तेल गुलाबाच्या अत्तरांत सर्रास मिसळीत. मौज अशी कीं, जें तेल भेसळीस वापरीत, त्यांतच पुढें स्वस्त सोफियाची भेसळ होऊं लागली!

हा भेद जमिनीचा, हंगामाचा, कीं भट्टीचा? १९०९ सालीं बर्किल या वनस्पतिशास्त्रज्ञानें हे दोन प्रकार कायमचे वेगळे असल्याचें प्रतिपादिलें. पुढें पेशींच्या तपासणींत मोतियाचीं गुणसूत्रें २० व सोफियाचीं ४० आढळलीं. म्हणजे भेद मुळांत बीजाचा. जमीन, ऋतु व कापणीची वेळ यांनीं तेल कमीअधिक चांगलें होईल. सोफियाचा मोतिया होणार नाहीं.

गृहिणींनीं यावरून इतकें ध्यानांत ठेवावें: तेल घेतांना तें मोतियाचें कीं सोफियाचें हें विचारावें, व अंगास लावतांना तें खोबरेलांत किंवा तिळाच्या तेलांत पातळ करून लावावें. नाकाची परीक्षा उपयोगी खरी, पण ती शेवटची नव्हे. भेसळीचा खरा निवाडा प्रयोगशाळेंतच होतो.

त्या दुकानदारानें भेसळ केली नव्हती, असें आम्ही म्हणत नाहीं. पण कसलीही चौकशी न करितां आम्हीं त्यास चोर ठरविलें होतें, आणि दोन्हीं बाटल्या निर्भेळ असूनही वास निराळा येऊं शकतो, हें तेव्हां आमच्यापैकीं कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.