आधी टाकी, मग मासे!

शनिवारी क्रॉफर्ड मार्केटातून टाकी आणली, रविवारी सहा गप्पी सोडले. पुढच्या शनिवारी उरला एक! पाणी मात्र काचेसारखं. फसलो ते तिथेच, बॉस. माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया दिसत नाही आणि तो पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर जमायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर रिकामी टाकी चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाकायचं. (डेडलाइनवर जगणाऱ्यांना कठीणच!) आता एकुलत्या गप्पीसाठी दिवसाआड पाव टाकी पाणी बदलतोय, नव्या पाण्यात क्लोरीन मारणारे थेंब घालून. स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा. नळाखाली धरला की क्लोरीनने बॅक्टेरियाही खलास. हे आईला तीनदा सांगून झालंय.