चित्राला नाव देताना

भिवंडीच्या एका वाचक भगिनी लिहितात, "घरबसल्या काम मिळालंय. मोबाइलवर संगणकाने काढलेली चित्रं येतात. प्रत्येकाला नाव द्यायचं आणि पाचपैकी गुण. वारली म्हणून आलेलं एक चित्र इतकं देखणं होतं की पाच दिले. सासूबाई म्हणाल्या, अगं, हे वारली नव्हेच! आता काय करू?"

ताई, सासूबाईंचं ऐका. तुमच्याकडे यंत्रमागाचा तागा तपासतात तो कसा? नुसता हात फिरवून नाही. उजेडाला धरून तुटका धागा, तेलाचा डाग शोधतात. चित्राचंही तसंच करा.

वारली माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि वर वाटोळं डोकं. नाक-डोळे सहसा नसतातच. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नात सवाशिणी चौक लिहितात, त्यात पालघट देवी. (ही मूळची बायकांचीच कला बरं का! जिव्या सोमा म्हसे यांनी ती १९७० च्या दशकात कागदावर आणली.) तारपा नाचात मंडळी एकमेकांना धरून तारपावाल्याभोवती फेर धरतात. संगणक इथेच फसतो. कुणाला तिसरा हात फुटतो, कुणाचा पाय शेजारणीत मिसळतो, आणि तारपा ओठांना न लागताच वाजतो!

आता नावाचं. "वारली चित्रकला" या नावाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ती आदिवासी चित्रकारांची मिळकत आहे. शिवाय तुम्ही ज्यावर "वारली" लिहाल, त्यावरूनच यंत्र पुढचं वारली काढायला शिकणार. म्हणून देखणेपणाचे गुण खुशाल द्या, पण नावाच्या जागी "वारलीसारखे, संगणकाने काढलेले" असंच लिहा. चित्रामागे पैसे मिळतात म्हणून घाई होते, हे मला समजतं. तरी हातपाय तेवढे मोजाच.

दिलेले पाच गुण बदलता येत असतील तर बदला. नसतील तर चित्राचा क्रमांक घालून काम देणाऱ्यांना दोन ओळी कळवा. आणि हो, अशा कामासाठी कुणी आधी अनामत मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.