अश्वशक्ती मोजली, उंची कोणी मोजायची?

किनाऱ्यावरील लहान मच्छीमाराचे इंजिन बदलते आहे. शिधावाटपाच्या रॉकेलवरील केंद्राची किंमत-सवलत १ मार्च २०२० पासून शून्यावर आली आणि रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीनचे गणित कोलमडले. आता पेट्रोलवरील फोर-स्ट्रोक मशीनकडे वळण्याखेरीज फारसा पर्याय उरलेला नाही. ही मशीन इंधन कमी पितात, धूरही कमी सोडतात. म्हणून हा बदल स्वागतार्हच मानावा लागेल. मात्र या बदलाच्या चर्चेत एक प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही : नवे मशीन जुन्या होडीला बसते का?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. मशीन होडीच्या मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, शिकंजांनी आवळायचे, एवढेच तर काम आहे. प्रत्यक्षात होडीची गती, इंधनाचा खर्च आणि प्रसंगी माणसांचे प्राण या फळीच्या उंचीवर अवलंबून असतात.

पाच इंचांचा हिशेब

आउटबोर्ड मशीनचे डोके फळीच्या वर राहते आणि त्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, पाण्यात उतरतो. दांड्याच्या टोकाशी पंखा असतो. दांड्याची लांबी जगभर ठरावीक मापांत येते : आखूड १५ इंच, लांब २० इंच आणि अतिलांब २५ इंच. ट्रान्समची उंचीही त्याच मापात असावी, हा साधा नियम आहे. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर इंचभर खाली यावी, म्हणजे माप जमले असे समजावे.

उंच फळीवर आखूड दांडा लावला तर पंखा पृष्ठभागाजवळ राहतो आणि लाटेवर होडी उचलली गेली की हवा ओढतो. मशीन किंचाळते, होडी मात्र पुढे सरकत नाही. थंड करणारे पाणी खेचण्याचे छिद्रही पंख्याजवळच असल्याने पंपात हवा शिरते आणि मशीन तापते. हा दोष लगेच ऐकू येतो, म्हणून तो सहसा दुरुस्तही होतो.

उलट प्रकार अधिक फसवा आहे. १५ इंची फळीवर २० इंची दांडा लावला तर मशीन चालते, होडीही धावते आणि सारे ठीक आहे असे वाटते. मात्र पंखा गरजेपेक्षा पाच इंच खोल गेलेला असतो. पाण्यात बुडालेला दांड्याचा भाग वाढल्याने विरोध वाढतो आणि तेवढे इंधन वाया जाते. पंख्याचा रेटा फळीपासून अधिक अंतरावर लागल्याने फळीवरील पीळ वाढतो. उथळ खाडीत, ओहोटीच्या वेळी किंवा पुळणीवर होडी लावताना पंखा वाळूत घुसतो आणि पंपात गाळ जातो. किनाऱ्यावरून थेट लाटेत होडी लोटणाऱ्यांसाठी हे पाच इंच फार महाग पडतात.

उपाय आहेत, पण त्यांचीही किंमत असते

लांब दांड्याचे मशीन हाती आलेच तर फळी उंच करावी लागते. त्यासाठी टणक लाकडाचा जोड देतात किंवा धातूचा उचल-कंस बसवतात. हे काम वल्ह्याला खिळा मारण्याइतके सोपे नाही. मशीन पाच इंच वर गेले की त्याचे वजनही वर जाते आणि लहान होडी अधिक डुलते. जोड मूळ फळीला आरपार बोल्टने, आतून रुंद पट्टी देऊन आवळावा लागतो. बोल्टची भोके नीट बुजवली नाहीत तर प्लायवूडच्या गाभ्यात पाणी मुरते आणि बाहेरून चकचकीत दिसणारी फायबरची फळी आतून कुजत जाते. ती तुटते ती नेमकी मशीन पूर्ण जोरात असताना.

त्यात वजनाची भर पडते. तेवढ्याच अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक मशीन टू-स्ट्रोकपेक्षा साधारणतः जड असते. ४० अश्वशक्तीच्या वर्गात हा फरक वीस किलो किंवा त्याहूनही अधिक भरू शकतो. हलक्या मशीनसाठी बांधलेल्या होडीची मागची बाजू अशाने खाली बसते आणि मागून येणारी लाट फळीवरून आत शिरण्याचा धोका वाढतो. म्हणजे इंधनाच्या दृष्टीने योग्य असलेला निर्णय, होडीचा विचार न केल्यास, सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक ठरू शकतो.

केरळचा धडा

याबाबतीत केरळचा अनुभव बोलका आहे. १९८० च्या दशकात ट्रॉलरशी स्पर्धा करताना तेथील पारंपरिक मच्छीमारांनी मोठ्या प्रमाणावर आउटबोर्ड मशीन स्वीकारली. मासे दूर गेले, तशी अधिक शक्तीची मशीन आली. एकाने घेतले म्हणून दुसऱ्याने घेतले, आणि कर्जाचा बोजाही त्याच वेगाने वाढला. मात्र तेथे आणखी एक गोष्ट घडली. दक्षिण केरळात आणि कन्याकुमारीच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या संघटनांनी स्वतःच्या बोटबांधणी शाळा आणि दुरुस्तीची केंद्रे उभी केली. लाटेतून उतरणाऱ्या प्लायवूडच्या होड्या मशीन गृहीत धरूनच घडवल्या गेल्या. होडी आणि मशीन यांचा एकत्र विचार करणारी यंत्रणा सरकारी कचेरीत नव्हे, तर वापरणाऱ्यांच्या संघटनेत जन्मली, ही यातील लक्षणीय बाब होय.

पारंपरिक होड्यांना मशीन बसवण्यासाठी केंद्रपुरस्कृत अनुदानाची परंपराही १९८० च्या दशकापासूनची आहे. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. महाराष्ट्राने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. पैसा येण्याचे मार्ग रुंदावत आहेत. मात्र अनुदानाची भाषा नगांची आणि अश्वशक्तीची असते. पावती, क्रमांक आणि छायाचित्र जोडले की फाइल पूर्ण होते. दांड्याची लांबी, फळीची उंची आणि तिची ताकद यांची नोंद मागणारा रकाना त्यात असायला हवा. तो नसेल तर दुकानात जे मशीन शिल्लक असेल ते गळ्यात पडते.

शहराचाही संबंध आहे

हा केवळ कोळीवाड्यांचा प्रश्न नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. इंजिनाची चाचणी सुरू असताना बिघाड होऊन नियंत्रण सुटले, असे नौदलाने म्हटले होते. त्या दुर्घटनेचा दांड्याच्या लांबीशी संबंध जोडता येणार नाही. तथापि मशीन बदलल्यानंतरची चाचणी ही स्वतंत्र, जोखमीची पायरी असते आणि ती रहदारीपासून दूर, मोकळ्या पाण्यातच व्हावी, हा धडा मोठ्या-लहान सर्व बोटींना लागू आहे.

पुराचेही तसेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. अशा आपत्तीनंतर बोटी आणि मशीन खरेदीची लगबग सुरू होते. पण पुराचे पाणी समुद्रासारखे नसते. त्याखाली कुंपणे, ऊस, झाडांच्या फांद्या आणि बुडालेल्या भिंती असतात. तेथे खोल उतरणारा दांडा म्हणजे अडकण्याला आमंत्रण. समुद्रासाठी योग्य असलेले मशीन गल्लीत शिरणाऱ्या बोटीला योग्य असेलच असे नाही.

काय करता येईल?

अमेरिकेत १९७२ पासून वीस फुटांखालील बहुतेक नव्या मोटारबोटींवर किती माणसे, किती वजन आणि किती अश्वशक्ती चालेल हे सांगणारी पट्टी लावणे बंधनकारक आहे. आपल्याकडेही लहान होडीच्या नोंदणीवेळी फळीची उंची आणि झेपणारे वजन नोंदवणे अवघड नाही. अनुदान देताना मशीनची आणि होडीची मापे शेजारी-शेजारी लिहिली जावीत. फळी मजबूत करण्याचा खर्च मशीनच्या किमतीसोबतच मंजूर व्हावा. चालक पाण्यात पडल्यास मशीन बंद करणारी दोरी मनगटाला बांधण्याची सवय प्रशिक्षणातून लागावी. तिच्यासाठी तर वेगळा खर्चही नाही.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते आणि होड्या डागडुजीसाठी ओढून ठेवलेल्या असतात. फळी मोजायला याहून चांगला मुहूर्त नाही. त्यासाठी लागणारी मोजपट्टी काही रुपयांना मिळते. ती न वापरल्याचा भुर्दंड मात्र मच्छीमार दररोज इंधनात भरतो आणि एखाद्या दिवशी तो त्याहून कितीतरी मोठ्या रकमेत भरावा लागतो.