शांततेचा सातबारा

न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी मंडळींना आपलं टाऊन आवडतं ते आधी शाळेसाठी आणि मग शांततेसाठी. पुण्याहून पाहुणा आला की त्याला हमखास ऐकवलं जातं : रात्री नऊनंतर इथे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. न्यूयॉर्क तासाभरावर, फिलाडेल्फिया तासाभरावर, आणि मागच्या अंगणात हरणं. यात चेष्टा करण्यासारखं काही नाही. मलाही ही शांतता प्रिय आहे. माझं भांडण आहे ते तिच्या बचावासाठी हल्ली जे बोललं जातं त्याच्याशी.

निमित्त घरांचं. मार्च 2024 मध्ये राज्याने नवा कायदा केला आणि 2025 ते 2035 या दहा वर्षांत कुठल्या गावाने परवडणारी घरं किती होऊ द्यायची, याचे आकडे काढून दिले. झालं! एरवी प्लॅनिंग बोर्डाच्या बैठकीला चार निवृत्त माणसं यायची, तिथे उभं राहायला जागा मिळेना. माइकपुढच्या रांगेत आपली माणसं बरीच. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं, हातात घडी घातलेला कागद आणि पहिलं वाक्य ठरलेलं : ‘आम्ही परवडणाऱ्या घरांच्या विरोधात नाही, पण...’ मागच्या खुर्चीवरून मराठीत कुजबुज, ‘एरियाची पार वाट लागणार बघ.’

पहिला मुद्दा कष्टांचा. आम्ही दोन बॅगा घेऊन आलो, राबलो, घर घेतलं. ज्यांना इथे यायचंय त्यांनीही तेच करावं. कष्ट खरे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण कष्टाने आपण घर घेतलं. शेजारच्या एकरावर दुसरं कुणी काय बांधू शकतं, हे आपल्या कष्टांनी ठरलेलं नाही. ते झोनिंगने ठरवलं. क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात 1926 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा झोनिंगला मान्यता दिली, आणि त्या निकालपत्रात निवासी वस्तीतल्या अपार्टमेंटची संभावना चक्क बांडगूळ अशी केली आहे. त्यानंतर उपनगरांना वाटच मोकळी झाली : प्लॉट किमान अर्ध्या एकराचा हवा, घर एकाच कुटुंबाचं हवं. भाव आपोआप चढतात आणि ‘तुम्ही येऊ नका’ असं तोंडाने म्हणावं लागत नाही.

एका ठिकाणी मात्र ते तोंडाने म्हटलं गेलं. फिलाडेल्फियापासून पंचवीसेक किलोमीटरवर माऊंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं होती. त्यांतली काही कोंबड्यांची खुराडी दुरुस्त करून त्यांत राहत. पाळणाघरात शिकवणाऱ्या एथेल लॉरेन्स यांनी इतरांबरोबर मागणी केली ती फक्त 36 अपार्टमेंटची. 1970 साली मेयर त्यांच्या चर्चमध्ये आले आणि त्यांना सुनावून गेले, की परवडत नसेल तर गाव सोडा. गावात नव्याने मोठे प्रकल्प मंजूर होत होते, पण त्यातल्या अपार्टमेंटना बेडरूम कमी, म्हणजे शाळेत जाणारी पोरं येऊ नयेत! खटला उभा राहिला. 1975 मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वाढणाऱ्या गावाने आपल्या वाट्याची परवडणारी घरं होऊ दिलीच पाहिजेत. आजचा कायदा त्याच निकालाचा वंशज.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातल्या बहुतेकांचा पहिला पत्ता कुठला? एडिसन, प्लेन्सबरो किंवा पार्सिपनीतलं एखादं अपार्टमेंट. हीट आणि गरम पाणी भाड्यात, तळघरात नाण्यांवर चालणारी वॉशिंग मशिनं, फोडणी टाकली की स्मोक अलार्म बोंबलणार म्हणून टॉवेल घेऊन खाली उभा असलेला नवरा. ती घरं तिथे होती कारण तिथल्या झोनिंगने त्यांना जागा दिली होती. ज्या गावात आपण आता राहतो, तिथे तशी इमारत होऊ नये यासाठी आपण तीन मिनिटं बोलतो. शिडीने वर चढायचं आणि शिडी ओढून घ्यायची, असा हा व्यवहार आहे.

दुसरा मुद्दा भावांचा आणि शाळांचा. इथे अंदाज बांधायचं कारण नाही. एथेल लॉरेन्स 1994 साली वारल्या. त्यांच्या नावाची 140 घरं माऊंट लॉरेलमध्येच पुढे 2000 पासून टप्प्याटप्प्याने उभी राहिली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांचा अभ्यास करून 2013 मध्ये पुस्तक काढलं. आसपासच्या तशाच गावांशी ताडून पाहिलं तर गुन्हे, घरांचे भाव, कर, कशावरही परिणाम दिसला नाही. शेजारच्या कित्येकांना अशी वसाहत जवळ आहे याचा पत्ताही नव्हता. आणि तिथे राहायला आलेल्या मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली. शांतता त्यांनाही हवीच होती की!

आणि या घरांत येणारी ‘अशी माणसं’ म्हणजे तरी कोण? मध्य जर्सीत वर्षाला लाख डॉलर मिळवणारं चौघांचं कुटुंबही या घरांना पात्र ठरू शकतं. म्हणजे आपल्या मुलांना शिकवणारी नवखी शिक्षिका आली, आईला आंघोळ घालायला येणारी होम हेल्थ एड आली आणि नुकता नोकरीला लागलेला आपलाच भाचाही आला. ती एड रोज पाऊण तास गाडी हाकत येते, तिची गाडी आपल्याच रस्त्यावरून जाते आणि ट्रॅफिकबद्दल तक्रार मात्र आपण करतो.

विरोधकांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. काही प्रकल्प खरोखर अवजड असतात. मात्र ते तसे का होतात, हे कुणी सांगत नाही. गावाने टाळाटाळ केली की बिल्डर कोर्टात जातो. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या निकालाने त्याला तो मार्ग दिला आहे. मग तो साधारण एका परवडणाऱ्या घरामागे चार बाजारभावाची घरं बांधतो, कारण नफा त्या चारांत असतो. शंभर हवी असतील तर पाचशे होतात. म्हणजे ज्या गर्दीला आपण भितो, तिला आपल्याच अडवणुकीने आवतण जातं. मध्यंतरी पळवाट निराळी होती : आपल्या वाट्याची निम्मी घरं पैसे देऊन एखाद्या गरीब शहराच्या गळ्यात मारायची. तो बाजार 2008 साली बंद झाला हे फार बरं झालं.

तेव्हा माइकपुढे जायचंच असेल तर मागणी वेगळी करावी. टाऊनशिपने स्वतः जागा काढावी, ना-नफा संस्थेला द्यावी आणि सगळीच्या सगळी परवडणारी घरं बांधून घ्यावीत. शंभराची शंभरच होतील. सोबत फुटपाथ मागावा, कारण आपल्या शांत रस्त्यांना तो बहुतेक ठिकाणी नाहीच आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील गाडीवाचून घरात कोंडले जातात. स्टेशनपर्यंत बस मागावी. ‘मग तुझ्या शेजारीच होऊ दे की,’ असं मला परवा एका पॉटलकला ऐकवलं गेलं. होऊ दे. आमच्या मागे रिकामी जागा आहे, ती टाऊनशिपच्या नकाशात अशा घरांसाठी दाखवली आहे, आणि तिच्या बाजूने बोलायला मी नाव नोंदवलं आहे.