कृष्णधवल छायाचित्र आणि रंगीत काच

छायाचित्र कधीं खोटें बोलत नाहीं, असा एक लोकप्रिय समज आहे. आमच्या मतें तो पुरता खरा नाहीं. आणि ज्या विद्यार्थ्यांस कृष्णधवल फिल्मवर चित्रें घेण्याची हौस आहे, त्यांनीं या गोष्टीचा विचार अवश्य करावा.

आपल्या मुरुडचा मुलूख पूर्वीं हैदराबाद संस्थानांत होता. त्या संस्थानचे विख्यात छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ सालीं वारले. त्यांच्या काळच्या प्लेटी निळ्या प्रकाशास फार हळव्या, तर तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून त्या काळच्या चित्रांत निळें आकाश बहुधा कोरें पांढरें दिसतें. सर्व रंग जाणणाऱ्या प्लेटी १९०६ पासून बाजारांत मिळूं लागल्या. तथापि आजची फिल्मही निळ्या रंगास आपल्या डोळ्यांपेक्षां अधिक मान देते.

हा दोष भिंगापुढें पिवळी काच, म्हणजे फिल्टर, लावल्यानें बराच निवारतो. रंगीत काच आपल्या रंगाचा प्रकाश पुढें जाऊं देते व विरुद्ध रंगाचा अडविते. पिवळ्या काचेनें निळें आकाश किंचित् गडद होतें आणि पांढरे ढग उठून दिसतात. तांबडी जास्वंद व तिचीं हिरवीं पानें फिल्मवर बहुधा सारख्याच करड्या छटेचीं उमटतात. हिरव्या काचेनें फूल गडद होतें, तांबड्या काचेनें उजळतें. अर्थात् काच प्रकाश अडविते, म्हणून पिवळीस सुमारें दुप्पट व तांबडीस सुमारें आठपट प्रकाश द्यावा लागतो.

अमेरिकेंतील अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनीं १९२७ सालीं हाफ डोम या कड्याचें चित्र प्रथम पिवळ्या व मग गडद तांबड्या काचेनें घेतलें. दुसऱ्यांत आकाश जवळजवळ काळें झालें. कडा मनास जसा भव्य भासला तसा त्यांना दाखवावयाचा होता. त्यांत आम्हांस दोष दिसत नाहीं.

परंतु आमच्या मुलुखांत आकाश ही केवळ शोभेची वस्तु नव्हे. एप्रिल २०१६ मध्यें लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. तशा दिवसांतील भेगाळलेल्या शेताचें चित्र कोणी तांबड्या काचेनें घेतलें, तर निरभ्र निळें आकाश काळेंभोर होईल आणि परगांवचा मनुष्य म्हणेल, "पाऊस आतां येणारच!" शेतकऱ्याचें दुःख अशानें झांकलें जाईल.

म्हणून विद्यार्थ्यानें प्रथम पिवळी काच वापरावी, कारण ती चित्रास डोळ्यांच्या साक्षीजवळ आणते. तांबडी वापरावयाची, तर चित्राखालीं तसें लिहावें. आणि पालकांनीं मुलाच्या चित्रास "सुंदर!" म्हणण्यापूर्वीं एवढेंच विचारावें, "बाळ, त्या दिवशीं आकाश खरोखर असें होतें काय?"