शिका, पण सहा वर्षांनंतरच का?



आपल्या चळवळीत शिक्षणाचा विषय निघाला की शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्पर्धा परीक्षा, नेट-सेट यांवर चर्चा होते. ती झालीच पाहिजे. पण मूल पहिलीत पोहोचेपर्यंतच्या सहा वर्षांचे काय, हा प्रश्न आपल्या एकाही शिबिरात निघत नाही. ती वर्षे आपण आईच्या पदराला आणि अंगणवाडीच्या खिचडीला बांधून मोकळे झालो आहोत. माझे स्पष्ट मत आहे की स्वाभिमानाची लढाई शाळेत सुरू होत नाही. शाळेचा दाखला हातात पडण्याआधीच ती बरीचशी जिंकलेली किंवा हरलेली असते.

हे भावनेच्या भरात लिहीत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ जोडप्याने तीन ते सात वर्षांच्या काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरीला चांगली म्हटले. मग विचारले, यातली तुझ्यासारखी कोणती? तेव्हा काही मुले रडू लागली. वंशभेदाचा कायदा त्या मुलांना वाचता येत नव्हता, पण तो त्यांच्या मनात उतरला होता. १९५४ साली शाळांमधले विभाजन रद्द करताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा आधार घेतला.

आता आपल्या लेकरांकडे बघा. अंगणवाडी कुणाच्या मोहल्ल्यात आहे, आपल्या वस्तीतल्या बाईच्या हातचे कोण खाते आणि कोण डबा घरून आणते, 'ते तिकडचे' हे कोणत्या आवाजात म्हटले जाते, हे सगळे चार वर्षांच्या मुलाला कळते. जात हा शब्द त्याला माहीत नसतो, पण जातीने दिलेली जागा त्याला कळलेली असते. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले, शिपाई नसला तर पाणी मिळत नसे. त्यांना उभे राहण्याचे बळ घरातून मिळाले. रामजी सुभेदारांसारखा बाप प्रत्येक घरात असतोच असे नाही, म्हणून समाजाने व्यवस्था उभारायची असते.

सामाजिक-भावनिक विकास हा शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. रडले तर कुणीतरी उचलून घेते, विचारले तर कुणीतरी उत्तर देते, राग आला तरी मार बसत नाही, इतरांसोबत वाटून खेळता येते. यातून मुलाला दोन गोष्टी पटतात : जग भरवशाचे आहे आणि मी किमतीचा आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांवर पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. त्यांतल्या ५८ मुलांना चांगली बालवाडी मिळाली. बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांत ओसरली. पण चाळिशीत पाहिले, तर बालवाडीत गेलेल्यांची कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रमाण कमी होते. नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांचे म्हणणे असे, की हा फरक धीर, चिकाटी आणि दुसऱ्यांशी वागण्याच्या सवयींनी घडवला.

मग आपला कायदा काय म्हणतो? संविधानाच्या मूळ कलम ४५ मध्ये चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण, असे उद्दिष्ट होते. 'सहा वर्षांपासून' अशी अट त्यात नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत हे कलम फक्त प्राथमिक शिक्षणापुरते करण्याची सूचना आली, ती बाबासाहेबांनी नाकारली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायचे नसेल तर ते शिक्षणसंस्थेत असले पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क मानला. पण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वयोगटालाच. सहाच्या आतली मुले 'राज्य प्रयत्न करील' या वाक्यावर सोडली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ मध्येही पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' एवढेच आहे. पैसेवाल्यांची मुले नर्सरी, केजी करून पहिलीत येतात. आपली मुले या 'करू शकेल' वर वाढतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत याचा अर्थ काय, ते पाहा. उन्हाळा लागला की मोहफूल, मग तेंदूपाने. त्याआधी कित्येक कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. लेकरू एक तर बांधावर, नाही तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. म्हणजे एकाच वेळी दोन बालपणे जातात. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावली भागात जंगलात गेलेली आई वाघाच्या हल्ल्यात परत येत नाही. शासन भरपाई देते. त्या घरातल्या तीन वर्षांच्या पोराशी कोण बोलते? भामरागड-एटापल्लीकडे मूल माडिया बोलते आणि अंगणवाडी मराठी. आपल्या भाषेत कुणी उत्तर देत नाही, तेव्हा मूल गप्प होते आणि त्या गप्प मुलाला आपण 'मंद' म्हणतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तर शिक्षण विभागाने तिला अनधिकृत ठरवले. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे २९ लाख लोक आहेत. तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

कुणी म्हणेल, पोट भरत नाही तिथे मनाचे काय घेऊन बसलात? हा युक्तिवाद मला मान्य नाही. गरिबाला फक्त पोट असते, मन श्रीमंताला असते, हाच तर मनुवादी विचार आहे. शिवाय दोन्ही कामे एकाच अंगणवाडीत होऊ शकतात. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत पोषण आहारासोबत पूर्वशालेय शिक्षणही होतेच. अडचण अशी, की मोबाइलवर माहिती भरणे, वजन-उंची, सर्वेक्षण सगळे सेविकेवर आणि तिला पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या मांडवात बसलो?

आपल्या घरातही बघितले पाहिजे. 'मार खाल्ल्याशिवाय पोरगं सुधरत नाही' हे वाक्य बौद्ध वस्तीतही सर्रास ऐकू येते. भिंतीवर बुद्ध आणि हातात काठी, हे जुळत नाही. मैत्री आणि करुणा या शब्दांचा पहिला हक्कदार घरातले सर्वात लहान माणूस आहे.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना चार कामे सुचवतो. एक, ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो, त्याचा हिशेब ग्रामसभेत मागा. पेसा गावात पाच टक्के अबंध निधीतून हंगामी पाळणाघराचा ठराव घ्या. दोन, सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अंगणवाडीत प्राधान्य दिले आहे. वस्तीत अंगणवाडी नसेल तर तो आदेश जोडून अर्ज करा. तीन, माडिया-गोंडी वस्तीत ती भाषा बोलणारीच सेविका हवी, ही मागणी आदिवासी संघटनांसोबत मांडा. चार, विहार रविवारच्या वंदनेनंतर कुलूप लावून ठेवू नका. रोज दोन तास लहान मुलांसाठी उघडा. गोष्टी, गाणी, माती, रंग यांना फार पैसा लागत नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, तेव्हा कित्येक आया कडेवर लेकरे घेऊन आल्या असतील. दीक्षा त्या लेकरांच्या भविष्यासाठीही होती. आज कडेवर असलेल्या मुलाला अधिकारी करण्याची स्वप्ने आपण जरूर बघू. पण आधी त्याला एवढे पटू द्या, की तो कुणापेक्षाही कमी नाही. हे पटवायला सहावे वर्ष उजाडेपर्यंत थांबता येत नाही.

जय भीम!