अक्षरांचा खेळ



सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळा आहेत. परंतु शाळेबाहेर पाऊल टाकताच मुलांना दुकानांच्या पाट्यांवर शिरोरेखा नसलेली गुजराती अक्षरे भेटतात. मूल गोंधळते, अडखळते; त्याबद्दल मार बसला की पुस्तकाचाच धाक घेते.

६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मारिया मॉन्टेसरीबाईंनी रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत तेथील मुले हसतखेळत लिहू-वाचू लागली. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी हाच विचार भावनगरच्या बालमंदिरात रुजविला.

आपल्या शिक्षकांनीही हे करून पाहावे. तबकात वाळू पसरून मुलांकडून 'ग' गिरवून घ्यावा. मग शिरोरेखा पुसावी. गुजराती 'ग' जवळजवळ तयार! घरी जाताना पाट्यांवर तो कोण आधी शोधतो, अशी पैज लावावी. ज्या पाट्यांनी गोंधळ घातला, त्याच वाचनाचा धडा होतील.

आईबापहो, मूल चुकले तर रागावू नका. प्रभूने बालकांना जवळ घेतले, ते धाक दाखवून नव्हे. आज सायंप्रार्थनेनंतर त्याला मांडीवर घेऊन एक ओळ वाचू द्या, आणि शेवटपर्यंत ऐका.